बिडी, सिगारेट, तंबाखू : सोडल्यावर शरीरात काय बदलतं?

तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने ते गेले. वय अवघं ५७. त्यांना तंबाखूची सवय होती.

शरद पवारांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं नांदवळ. त्यांनाही तोंडाचा कर्करोग झाला. २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, गुटखा सुटला आणि त्यानंतरही ते अनेक वर्षं राजकारणात सक्रिय राहिले. वेळेत निदान आणि उपचार किती महत्त्वाचे, हे यातून दिसतं.

महाराष्ट्रात किती जण?
२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. ओढणारे ३.८ टक्के, तर खाणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात.

नुकसान काय होतं?
धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. रक्तवाहिन्या आकसतात, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. फुप्फुसाचा कर्करोग आणि कायमची धाप लागते ती वेगळीच. 'बिडी हलकी असते' हा गैरसमज आहे. बिडी सोडून मळलेली तंबाखू धरली, तर व्यसन तेच राहतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही.

धूम्रपान सोडल्यावर
- २० मिनिटांत : नाडीचे ठोके आणि रक्तदाब उतरू लागतो.
- १२ तासांत : रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो.
- १ वर्षात : हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.
- १० वर्षांत : फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत साधारण निम्मा होतो.

म्हणजे 'आता या वयात सोडून काय उपयोग?' याला अर्थ नाही.

सोडायची कशी?
पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड होते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्या, फेरी मारून या. एकदा घसरलात तर पुन्हा सुरुवात करा. मोफत सल्ल्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन : १८००-११-२३५६.

तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला किंवा तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.