पसरो कुठून आला?

गोव्यातल्या डिचोलीच्या वाड्यावाड्यांवर साखर, चहापूड, काड्यापेटी, सोलां आणि खारे बांगडे एकाच खोलीत मिळतात, त्या जागेचे नाव पसरो आणि ती चालवणारा पसरकार. कोकणीत या ‘प’मधला अ ओठ गोल करून उच्चारतात, म्हणून रोमी लिपीत तो ‘पोसरो’ होतो.

शब्द इतका घरगुती की त्याचे कूळ विचारावेसे सहसा कुणाला वाटत नाही. मात्र मलेशियात जाऊन आलेल्या गोवेकराच्या कानाला तो नक्की खटकतो. तिकडे बाजाराला ‘पासार’ म्हणतात, रात्रीच्या बाजाराला ‘पासार मालाम’. पोर्तुगीज आल्बुकेर्कने 1510 साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. दोन्ही बंदरे एकाच राजाची, जहाजांची ये-जा चालूच. मग मलायी पासार गलबतात बसून मांडवीत उतरला आणि त्याचा पसरो झाला, हे किती चटकन जुळते!

जुळते खरे, पण टिकत नाही. मलायी पासार हा मुळात फारशी ‘बाजार’च, पूर्वेला जाता जाता त्याच्या ‘ब’चा ‘प’ झाला आणि ‘ज’चा ‘स’. गोव्यात तो शब्द ‘बाजार’ या धडधाकट रूपात नांदतोच आहे. डिचोली नव्या काबिजादींतली, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातली, 1780 च्या दशकापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखालची, तेव्हा इथे पोर्तुगीजांमार्फत शब्द येईलच कसा, असेही कुणी म्हणेल. तो मुद्दा मात्र लंगडा आहे. पाव, पगार आणि बटाटा यांना सगळ्या महाराष्ट्रात पसरायला कुठे पोर्तुगीज अंमल लागला? मलायी तर्काचा खरा निकाल लागतो तो उत्तर हिंदुस्थानात. गलबत जिथे पोहोचूच शकत नाही अशा गावांत हळद, हिंग, सुंठ आणि औषधी विकणाऱ्याला पसारी किंवा पंसारी म्हणतात. पसरकाराचा हा सख्खा भाऊ समुद्रमार्गे आलेला नाही.

पंसारीवर आणखी एक दावा आहे, संस्कृत ‘पण्यशाला’चा. पंसारीतला अनुस्वार म्हणजे ‘पण्य’मधल्या ‘ण’ची खूण, असे म्हणतात. दावा देखणा आहे. पण हिंदीत सर्पाचा साँप होतो आणि श्वासाचा साँस. मुळात नसलेला अनुनासिक तिथे सहज उगवतो. त्या खुणेवर भिस्त ठेवता येत नाही, शिवाय ‘ल’चा ‘र’ करण्याची खटपट उरतेच. उलट ‘प्र’ आणि ‘सृ’ घ्या, म्हणजे पसरणे. प, स, र तिन्ही अक्षरे आपापल्या जागी बसतात. कोकणीत क्रियापद ‘पसरप’, मराठीत घरभर होतो तो ‘पसारा’, आणि घोडा-घोडोच्या चालीवर नामाला शेवटी ओकार. पसरो म्हणजे पसरलेला माल.

खरी गंमत पुढे आहे. मराठीतला ‘पसा’, म्हणजे एका हाताचा खोलगट केलेला तळवा, हाही त्याच धातूचा. संस्कृतात त्याला प्रसृत किंवा प्रसृति म्हणत: पसरलेला हात. वैद्यकाच्या जुन्या मापात दोन पल म्हणजे एक प्रसृति आणि दोन प्रसृती म्हणजे एक अंजली. (पसायदानातला ‘पसाय’ मात्र प्रसादाचा, त्याचा या पशाशी संबंध नाही, जरी ऐकताना तसे वाटते.) म्हणजे विकणाऱ्याने माल पसरला तो पसरो आणि मोजायला हात पसरला तो पसा. दुकान आणि माप एकाच घरची भावंडे!

हे कोशातले नाते नुसते कागदी नाही. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात ते अजून डोळ्यांनी दिसते. बाई गोणपाट अंथरते, त्यावर मिरच्यांचे, हळसांद्यांचे, तोरांचे वाटे लावते. तराजू नसतो. एक वाटा इतक्याचा, बस्स. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर ती मूठ उघडून चार दाणे वर टाकते. चवथीआधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाचा बाजार भरतो तेव्हा कवंडळे आणि सुपारीचे घोस असेच रस्त्याकडेला पसरलेले असतात. खोलीतला पसरो याच गोणपाटाचा वंशज, फक्त त्याला भिंती आणि उधारीची वही मिळाली. ‘दुकान’ या अरबी शब्दाची वाट थोडी वेगळी: तो मूळचा बाक, ओटा. म्हणजे तिथला वाणी भुईवरून हातभर वर बसला होता.

त्यानंतरचे बरेच जणांना ठाऊक आहे. 1950 च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि पसऱ्यांवर हॉलंडचे बटाटे दिसू लागले. 1959 मध्ये गोव्यातले पोर्तुगीज नाणे रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो, आणि मुक्तीनंतर भारतीय रुपया. थोड्याच वर्षांत पसरकाराने हिशेब दोनदा बदलला. पुढे गोवा बागायतदार सोसायटीची मोठी सहकारी भांडारे आली, तिथे गिऱ्हाईकच टोपली घेऊन फिरते.

एक धागा अजून हाताशी आहे. बाजारात माल पसरणाऱ्याकडून पालिका जो कर घेते, त्याला गोव्यात ‘सोपो’ म्हणतात. कोकणात आणि घाटावर सोपा म्हणजे ओसरी. कुणाच्या तरी ओसरीवर माल मांडायचे भाडे म्हणून हे नाव पडले असावे, असा दाट तर्क करता येतो. आता ओसरी राहिली नाही. वसुलीवाला गोणपाटाशी वाकतो, पावती फाडतो, आणि बाई ती मिरच्यांच्या वाट्याखाली सरकवते.