लिनक्सवर प्रिंटर चालत नाही? नवा घेण्याआधी ही सहा ठिकाणं तपासा

बार्शीटाकळी : पीककर्ज असो, पीकविमा असो की पोराचा शाळेचा दाखला, काम शेवटी कागदावरच येतं. संगणकावर सातबारा दिसतो, आठ-अ दिसतो, पण प्रिंटर हलत नाही. वावरातली कामं सोडून आलेला माणूस दुकानाच्या बाकावर बसून राहतो आणि तिकडं बँकेची वेळ निघून जाते.

विंडोज 10 ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली. जुन्या संगणकांपैकी बऱ्याच मशीनवर विंडोज 11 बसतच नाही. अशा मशीनसाठी लुबंटू, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, अँटीएक्स, पपी अशा हलक्या आणि फुकट मिळणाऱ्या प्रणाली आहेत. आपल्या देशात सी-डॅकनं तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सच आहे आणि ती मराठीत चालते. मशीन चांगलं पळायला लागतं, पण पहिली अडचण येते ती प्रिंटरची.

विहिरीवरची मोटर पाणी उचलत नसली तर आपण ती थेट वर काढत नाही. आधी लाइन पाहतो, मग स्टार्टर, मग फुटवॉल. प्रिंटरचंही तसंच आहे. खालच्या क्रमानं पाहत गेलं तर बहुतेक वेळा दोष सापडतो.

1. वायर. प्रिंटर चालू करा आणि कंट्रोल, आल्ट, टी ही तीन बटणं एकदम दाबा. बहुतेक प्रणालींत काळी खिडकी उघडते, तिला टर्मिनल म्हणतात. नाही उघडली तर मेनूमधून टर्मिनल उघडा. त्यात एल-एस-यू-एस-बी ही पाच इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा. यादीत प्रिंटरच्या कंपनीचं नाव दिसलं तर वायर ठीक आहे. नाही दिसलं तर वायर किंवा यूएसबीचं भोक बदलून पाहा. इथं दिसत नसेल तर पुढचं काहीही करून उपयोग नाही.

2. छपाईची यंत्रणा. लिनक्सवर छपाईचं सगळं काम 'कप्स' नावाची यंत्रणा पाहते. ती चालू आहे का हे ब्राउझरमध्ये कळतं. पत्त्याच्या पट्टीत लोकलहोस्ट (एल-ओ-सी-ए-एल-एच-ओ-एस-टी), त्याला जोडून एकाखाली एक दोन टिंबं आणि 631 हा आकडा टाका. याला इंटरनेट लागत नाही. पान उघडलं तर कप्स चालू आहे. नाही उघडलं तर सॉफ्टवेअरच्या यादीत सी-यू-पी-एस शोधून ते बसवा आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करा. अगदी हलक्या प्रणालींत हीच गोष्ट कधी बंद असते, तर कधी बसवलेलीच नसते.

3. ड्रायव्हर. प्रिंटरसोबत आलेली विंडोजची सीडी इथं कामाची नाही. प्रत्येक कंपनीची गोष्ट वेगळी आहे.

एचपीसाठी 'एचपीलिप' हे पॅकेज लागतं. लेझरजेट 1020 सारख्या जुन्या मॉडेलला त्याशिवाय एक प्लगिनही लागतं, कारण हा प्रिंटर दरवेळी चालू झाला की आपलं अंतर्गत सॉफ्टवेअर संगणकाकडून घेतो. टर्मिनलमध्ये एच-पी, मग आडवी रेघ, मग पी-एल-यू-जी-आय-एन असं टाइप केलं की ते उतरवता येतं. त्यावेळी इंटरनेट चालू पाहिजे. एचपीलिप अपडेट झालं की प्लगिन पुन्हा घ्यावं लागतं. 'काल चालत होता, आज बंद पडला' याचं हे एक मोठं कारण.

एप्सनच्या एल मालिकेतल्या शाईटाकीच्या प्रिंटरसाठी 'ईएससीपीआर' हा ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या यादीतच मिळतो.

कॅनन एलबीपी 2900 कप्सच्या यादीत सहसा सापडत नाही. त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर वेगळा उतरवून बसवावा लागतो आणि पायऱ्या जास्त आहेत. त्यासाठी जाणकार सोबत घ्यावा.

वायफायवर चालणाऱ्या बऱ्याच नव्या प्रिंटरांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. प्रिंटर आणि संगणक एकाच वायफायवर असले की नाव आपोआप दिसतं.

4. परवानगी. कप्सच्या पानावर 'ॲड प्रिंटर' दाबलं की नाव आणि पासवर्ड विचारतात. तो संगणकाचाच पासवर्ड असतो. बरोबर टाकूनही घेत नसेल तर तो वापरकर्ता 'एलपीॲडमिन' गटात नाही असं समजा. सेटिंगमधल्या वापरकर्त्यांच्या यादीत जाऊन त्याला गटात घाला, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.

5. थांबलेली रांग. कागद अडकला किंवा मधेच वायर निघाली की कप्स कधीकधी प्रिंटरला 'पॉज' करून ठेवतं. नंतर वायर लावली तरी ते स्वतःहून सुरू होत नाही. आपण मात्र प्रिंट, प्रिंट करत दहा वेळा दाबतो. म्हणून आधी 'कॅन्सल ऑल जॉब्स' करा, मग 'रिझ्यूम प्रिंटर'. क्रम उलटा झाला तर दहाच्या दहा प्रती निघतात आणि कागद वाया जातो.

6. कागदाचा आकार. सातबाऱ्याची कड कापली जात असेल तर आकार 'लेटर' ठेवलेला असतो. हे अमेरिकेतलं माप आहे. 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'मध्ये जाऊन ए-फोर करा. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येत असतील तर दोष प्रिंटरचा नाही, फॉन्टचा आहे. लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट बसवा. शेवटी 'प्रिंट टेस्ट पेज' काढून पाहा.

एवढं करूनही जमलं नाही तर गिऱ्हाइकाला परत पाठवू नका. कागद पीडीएफ करून पेनड्राइव्हवर द्या, दुसऱ्या दुकानात छापता येतो. आधारसारखी कागदपत्रं काम झाल्यावर आपल्या मशीनवरून पुसून टाका.

ज्यांनी अजून लिनक्स बसवलेलं नाही त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. लुबंटू आणि मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू करून पाहता येतात, विंडोजला हात लागत नाही. तशा चालू मशीनवर आपला प्रिंटर लावा आणि एक पान छापून पाहा. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर तेही लावून बघा. प्रिंटर चालला म्हणून तेही चालेल असं नाही. तिन्ही चालले तरच जुनी प्रणाली काढा. आणि हे काम कर्जाच्या, विम्याच्या गर्दीत करू नका. हंगाम सुरू व्हायच्या आधी, दुकान रिकामं असताना करा.