उतारवयातला आवाज

कलकत्त्यात १९०२ साली गौहर जानचं गाणं मुद्रित करणारे फ्रेड गायसबर्ग डिसेंबर १९०५ मध्ये आपलं यंत्र घेऊन वेल्समध्ये गेले. तिथे आपल्या वाड्यात राहत होती अ‍ॅडेलिना पात्ती, एकोणिसाव्या शतकातली युरोपची सर्वांत नावाजलेली सोप्रानो. वय ६२.

पुढच्या वर्षी तिने बेलिनीच्या ‘ला सोनाम्बुला’ या ऑपेरातलं शेवटच्या अंकातलं गाणं भोंग्यासमोर गायलं. याच ऑपेरातून १८६१ साली, अठराव्या वर्षी, तिने लंडन जिंकलं होतं. मध्ये ४५ वर्षं गेली होती.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निराश झालो. दम पुरत नाही, वरचे स्वर जपून घेतलेले. पण पुन्हा ऐकताना लक्षात आलं, की एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद उतरणं, शब्दाला थोडं थांबवणं, ही तालीम रोसिनी हयात होता त्या काळातली आहे. इटालियन बेल कांतोची ती नजाकत कागदावरच्या स्वरलिपीत उतरत नाही.

तिचं तारुण्य आपल्याला कधीच ऐकता येणार नाही. तरी थोरांचं थकलेलं बोलणं आपण जसं अदबीने ऐकतो, तसं हे ऐकावं. साक्ष त्यातच आहे.