धार बसते, पण टिकत नाही



श्रावण वद्य द्वादशीला आपण संत सेना महाराजांची पुण्यतिथी करतो. त्या दिवशीच्या कीर्तनात ती कथा तुम्ही कितीदा तरी ऐकली असेल. महाराज पूजेत रमले होते. राजाचे बोलावणे आले आणि भक्ताची लाज राखायला देव स्वतः धोकटी काखेत मारून वाड्यावर गेला. राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसले. महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही सेना भगतांचे एक पद आहे. कथा ऐकताना आपले लक्ष त्या वाटीकडे जाते. आज जरा धोकटीकडे पाहू. तिच्यात एक वस्तरा होता.

वस्तरा चांगला की वाईट, हे दुकानात कळत नाही. कल्याणच्या बाजारात फिरताना तुम्हाला एखादा चकचकीत, नक्षीदार मुठीचा वस्तरा स्वस्तात मिळेल. घरी आणून निसण्याच्या दगडावर घासा, चामड्याच्या पट्ट्यावर ओढा. धार बसेल. हातावरचा एखादा केसही तो कापील. तुम्ही म्हणाल, छान माल मिळाला. पण दाढीला लावा. एका गालावर कसाबसा चालतो आणि दुसऱ्या गालावर केस ओढू लागतो. पुन्हा दगड, पुन्हा पट्टा, पुन्हा तीच गत. जाणत्या कारागिराच्या हाती दिलात, तर तो दोनदा पट्ट्यावर ओढून पाहील आणि परत देईल. तुमच्या घासण्यात काही चूक नाही, उणेपण लोखंडात आहे.

असे का होते? साधे लोखंड मऊ असते. त्याची धार कापते कमी आणि वळते जास्त. वस्त्र्याला पोलाद लागते, म्हणजे ज्यात शंभर भागांत सुमारे एक भाग कर्ब मुरलेला आहे असे लोखंड. नुसता कर्ब असूनही भागत नाही. पाते लाल तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवावे लागते. आपले लोहार याला पाणी देणे म्हणतात. त्याने पाते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून ताठरपणा थोडा उतरवतात. आच कमी झाली तर धार तुटते, जास्त झाली तर वळते. याउपर एक मोठा धोका राहतो. चकाकी आणण्यासाठी तयार पाते वेगाच्या चाकावर दाबून धरले, तर ते घर्षणाने तापते, निळसर पडते आणि दिलेले पाणी उतरून जाते. म्हणजे पाते दिसायला सुंदर करण्याच्या नादातच ते नासू शकते. माउली, ही गोष्ट फक्त वस्त्र्याची नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आपल्या कल्याणला धातूची ओळख फार जुनी आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात या बंदराचे नाव येते. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या ग्रीक लेखकाने इथून तांबे-पितळ, लाकूड आणि कापड बाहेर जाते, असे लिहिले. याहून मोलाची एक नोंद बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत आहे. तिथल्या दात्यांच्या ब्राह्मी लेखांत राजे-सावकारांच्या रांगेत कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचेही नाव कोरलेले आहे. त्याने दान केली ती वाट. चालणाऱ्यांच्या पायांखाली यावी म्हणून लोहाराने वाट बांधून दिली! वाटेचे मोल वारकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पोलादाची खरी कीर्ती मात्र दक्षिणेकडची. म्हैसूर, सेलम, तेलंगण या भागांत मातीच्या बंद मुशीत लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि हिरवी पाने घालून तासन्‌तास भट्टीत ठेवत. पाना-लाकडातला कर्ब लोखंडात मुरून उत्तम पोलाद तयार होई. कानडीत त्याला ‘उक्कु’ म्हणत, त्याचेच इंग्रजांनी ‘वुट्झ’ केले. मुंबईत कंपनी सरकारचे एक डॉक्टर होते, हेलेनस स्कॉट. त्यांनी 1794 मध्ये या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. पुढे सुरी-कात्र्या बनवणारे जेम्स स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी त्याचा अभ्यास करत 1820 च्या सुमारास पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. त्यातल्याच एका मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडे पुढे आपल्या मित्रांना भेट देत असत. एका थोर शास्त्रज्ञाने भेट द्यावी ती वस्त्र्याची! कारण धातूची परीक्षा वस्त्र्याइतकी दुसरे कोणतेही हत्यार घेत नाही. कुऱ्हाड थोडी बोथट झाली तरी जोराने काम भागते. वस्त्र्याला जोर चालत नाही.

पण त्याच इंग्लंडात नकली वस्तरेही पोत्याने विकले जात. अठराव्या शतकात पीटर पिंडर या टोपणनावाने लिहिणाऱ्या कवीने त्यावर एक विनोदी कविता केली. एक खेडूत बाजारात अगदी स्वस्तात डझनभर वस्तरे घेतो, घरी तोंड रक्तबंबाळ करून घेतो आणि विक्रेत्याला जाब विचारायला जातो. तेव्हा त्याला कळते, की हा माल दाढीसाठी घडवलेलाच नव्हता, फक्त खपवण्यासाठी घडवला होता. हसू येते खरे. पण गळ्यात माळ, कपाळी बुक्का आणि मुखी गोड बोल हे सगळे आपणही दाखवण्यापुरतेच घडवले असेल, तर त्या मालात आणि आपल्यात अंतर किती?

वारीत आपल्याला धार बसते. आळंदी-देहूहून निघून पंढरीला पोचेपर्यंत टाळ-मृदंगाचा नाद, रोजचा हरिपाठ, संतांचा सहवास हा दगड आणि पट्टा मिळतो. त्या दिवसांत कोणी धक्का दिला तरी तोंडून ‘माउली’च निघते. मग आषाढी होते, आपण घरी येतो आणि सकाळच्या लोकलला कल्याण स्टेशनवर उभे राहतो. तिथे पहिलाच धक्का लागला की काय निघते तोंडून? धार किती बसली हे वारीत कळते, किती टिकली हे त्या फलाटावर.

सेना महाराजांच्या व्यवसायातल्या माणसांनी धार टिकवली कशी, याचा एक दाखला आपल्याच मुलखातला आहे. त्या काळी उच्चवर्णीय घरांत नवरा वारला की बाईचे केस उतरवत. वाढले की पुन्हा उतरवत, असे मरेपर्यंत चाले. कधी कधी ती बाई म्हणजे दहा-बारा वर्षांची पोर असे. तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायला बोलावणे येई ते नाभिकाला. ठाण्यात जन्मलेले, महात्मा फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईत नाभिकांची मोठी सभा भरली. शेकडो नाभिक जमले आणि त्यांनी ठरवले, की विधवांच्या केशवपनाला आपला वस्तरा लावायचा नाही. ही बातमी लंडनच्या ‘टाइम्स’मध्येही छापून आली.

या नकाराची किंमत ध्यानात घ्या. ही हातावर पोट असलेली माणसे होती. नकार द्यायचा तो वरच्या जातीच्या, पैसेवाल्या घराला. मिळकत बुडणार, रोष पत्करावा लागणार. धर्मशास्त्र सांगणारे समोर बसलेले, आणि वस्तरा धरणाऱ्याला कोणी कधी मत विचारलेले नाही. तरीही त्यांना त्या पोरीचे रडणे ऐकू आले. त्यांच्या वस्त्र्यांना धार होती, शिवाय ते धरणाऱ्या हातांतही कस होता. वाईट वस्तरा जिथे चालायला हवा तिथे चालत नाही. या माणसांनी चांगला वस्तरा जिथे चालू नये तिथे चालू दिला नाही.

आता सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावतात आणि जुने टाकून देतात. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मन असे टाकून नवे घेता येत नाही. तेच पुन्हा पुन्हा तापवायचे, बुडवायचे आणि घासायचे. वारीच्या वाटेवर ठिकठिकाणी नाभिक बांधव एक पैसा न घेता वारकऱ्यांची दाढी करतात, हे तुम्ही पाहिले असेल. यंदा अशा एखाद्या माउलीपुढे बसाल, तेव्हा डोळे मिटण्याआधी त्यांच्या हाताकडे एकदा पाहा. सेना महाराजांची धोकटी त्याच हातांनी पुढे चालवली आहे. उठताना त्यांच्या पाया पडायला विसरू नका.

राम कृष्ण हरी.