टोपीवरचा तुरा आणि तळ्याकाठचा बगळा

श्रोतेहो, पावसाळ्यात चिखलणी सुरू झाली की औतामागून बगळे हिंडताना आपण नेहमी पाहतो. या बगळ्यांच्या कुळावर एकदा मोठा बाका प्रसंग आला होता. त्याची हकीकत आज ऐकू या.

लहान बगळा आणि मोठा बगळा यांच्या पाठीवर विणीच्या दिवसांत रेशमासारखी तलम पिसे फुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पिसांचा तुरा टोपीवर मिरवणे ही युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांत प्रतिष्ठेची गोष्ट झाली. १८८६ साली फ्रँक चॅपमन या पक्षिनिरीक्षकाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बायकांच्या टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती, आणि तीही सुमारे ४० जातींच्या पाखरांची! बगळ्याच्या पिसांचा भाव तर सोन्याच्याही वर चढला.

आता ही पिसे मिळवायची कशी? विणीचे दिवस म्हणजे घरट्यात पिल्ले असण्याचे दिवस. शिकारी नेमके तेव्हाच झाडांवर बंदुका झाडीत. आईबाप पडले की मागे पिल्ले उपाशी मरत. एका तुऱ्यापायी दोन पिढ्या जात. फ्लोरिडातल्या दलदलींत झाडेच्या झाडे ओस पडली. तिथे पाखरे राखणारा ब्रॅडली नावाचा रखवालदार १९०५ साली गोळी लागून मेला.

टोपी विकत घेणाऱ्या बाईने कधी बंदूक हातात धरली नव्हती. दलदल तिने पाहिलीही नव्हती. पण शिकाऱ्याची मजुरी तिच्याच पैशातून निघत होती, नाही का?

हे ओळखले ते काही स्त्रियांनी. १८८९ साली इंग्लंडात एमिली विल्यमसन यांनी पक्षिरक्षणाची संस्था काढली. १८९६ साली बोस्टनमध्ये हॅरिएट हेमनवे आणि मिना हॉल यांनी ओळखीपाळखीच्या बायकांना चहाला बोलावून पिसे न वापरण्याची गळ घातली.

आपल्याकडेही बगळे मारले जात होते. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने रानपाखरांची पिसे परदेशी पाठवण्यास बंदी केली. तरी माल चोरून जातच राहिला, कारण पलीकडे गिऱ्हाईक होते. पुढे १९२१ साली इंग्लंडने पिसांची आयात रोखणारा कायदा केला. लहान टोप्यांची चाल आली, तुरे मागे पडले, आणि मग कुठे बगळ्यांची संख्या पुन्हा वाढू लागली.

गुरुजनहो, गावच्या तळ्याकाठी चिंचेवर किंवा बाभळीवर बगळ्यांची वीण असेल, तर मुलांना लांबूनच ती दाखवा आणि ही हकीकत सांगा. मग एक प्रश्न विचारा: आपल्या घरात बाजारातून जी वस्तू आली, ती कुठून आली, आणि तिच्यासाठी तिकडे कोणाचे काय गेले?

उत्तर शोधायला मुलांना थोडे दिवस द्या. ती घरच्यांनाही विचारतील, आणि ते बरेच होईल.