परिषदेचे पाहुणे आणि रायपूरचे नगरदर्शन

कोणत्याही परिषदेची कार्यक्रमपत्रिका हाती घ्यावी. दुसऱ्या दिवसाच्या दुपारच्या चहानंतर 'नगरदर्शन' हा शब्द छापलेला सापडतोच, आणि त्याखाली 'सांस्कृतिक कार्यक्रम व भोजन'. निबंध, चर्चा, ठराव यांचे टिपण ठेवणारे पुष्कळ असतात. या दोन ओळींचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. आम्हां परप्रांतस्थ कारकुनांच्या वाट्याला परिषदेतील नेमक्या ह्याच दोन ओळी येत असल्यामुळे तो लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. तेव्हापासून येथे पाहुण्यांची वर्दळ वाढली. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-ट्वेंटी राष्ट्रांच्या एका कार्यगटाची बैठक येथे भरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसचे वार्षिक अधिवेशन भरले आणि देशभरचे रस्ते-अभियंते जमले. व्यापारी व औद्योगिक मंडळांच्या लहानमोठ्या सभा तर चालूच असतात. शंकर नगर ही मंत्र्यांच्या बंगल्यांची आणि सरकारी वर्दळीची वस्ती. तेथून निघालेली पाहुण्यांची गाडी तेलीबांधा तलावाला वळसा घालते आणि थेट नव्या रायपूरची वाट धरते. तेथे 'पुरखौती मुक्तांगण' आहे. ७ नोव्हेंबर २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आदिवासी जीवनाची शिल्पे आणि राज्यातील प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती तेथे पाहावयास मिळतात. संध्याकाळी पंथी नृत्य, मग भोजन, आणि सवड असल्यास पंडरीच्या बाजारात कोशाच्या साडीची खरेदी. पाहुणा संतुष्ट होऊन विमानात बसतो. त्याने प्रतिकृती पाहिल्या. ज्या शहरात तो उतरला ते शहर मात्र त्याने पाहिले नाही.

ही रीत आली कोठून? आमच्या भागातील तिचे एक जुने उदाहरण नागपूरचे आहे. डिसेंबर १८६५ मध्ये मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी नागपुरास कला, कारागिरी व शेतमाल यांचे प्रदर्शन भरविले. प्रांताची ओळख पाहुण्यांस एका आवारात करून द्यावी, ही कल्पना तेथे दिसते. दहाच वर्षांनी, १८७५ साली, राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या देणगीतून रायपुरात अष्टकोनी इमारतीत संग्रहालय उभे राहिले.

आपल्या लोकांनी चालविलेल्या उद्योग-परिषदांचा आरंभ मात्र पुण्याचा. १८९० साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने तेथे औद्योगिक परिषद भरली. तेव्हा पाहुणचाराची आपली जुनी रीत म्हणजे पानसुपारी आणि अत्तरगुलाब. त्यापलीकडे पाऊल टाकणे किती महाग पडे, हे त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात दिसले. पंचहौद मिशनमधील व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली. रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी तेथे होती. आणि एका पेल्यावरून पुण्यात ग्रामण्य माजले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्तही घेतले. कार्यक्रमपत्रिकेतील 'चहापान' हा शब्द आज आपण डोळा न लावता वाचतो, त्यामागे हे प्रकरण आहे. ठरावांपेक्षा चहाच अधिक क्रांतिकारक ठरला, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

पुढे १९०१ पासून राष्ट्रसभेच्या अधिवेशनाला औद्योगिक प्रदर्शनाची जोड मिळाली, आणि १९०५ साली गोखले राष्ट्रसभेचे अध्यक्ष असताना काशीस, रमेशचंद्र दत्त यांच्या अध्यक्षतेखाली, अखिल भारतीय औद्योगिक परिषद सुरू झाली. तिचे चिटणीस रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे अमरावतीचे वकील. परिषद आज काशीस, उद्या कलकत्त्यास, परवा सुरतेस. पण तिचे दफ्तर अमरावतीस आणि तिचे अहवालही तेथूनच निघत. वऱ्हाड १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला होता, म्हणजे अमरावती आणि रायपूर तेव्हा एकाच प्रांतात मोडत. मुधोळकर १९१२ साली बांकीपूरच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. देशभरच्या परिषदांचे दफ्तर वर्षानुवर्षे सांभाळणारा चिटणीस म्हणून ते आम्हांस अधिक जवळचे वाटतात, हा आमचा व्यवसायदोष समजावा.

रायपुरासही परिषद नवी नाही. १९०७ साली येथे प्रांतिक राजकीय परिषद भरली, आणि आरंभी 'वंदे मातरम्' म्हणावे की नाही यावरून दादासाहेब खापर्डे आणि नेमस्त मंडळी यांच्यात खटका उडाला. त्या प्रतिनिधींना गाव दाखविण्यासाठी स्वतंत्र गाडीची गरज नव्हती. सारे गावच बुढा तलावाच्या आसपास होते.

तेच गाव आज नगरदर्शनातून वगळले जाते. शंकर नगराहून ते फार तर चार-पाच किलोमीटर. बुढा तलावाजवळच्या बुढापारा भागात १८७७ पासून सुमारे दोन वर्षे चौदा-पंधरा वर्षांचा नरेंद्र दत्त वडिलांबरोबर राहिला. पुढे तो विवेकानंद झाला. जवळच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्राहून 'छत्तीसगड मित्र' हे हिंदी मासिक काढले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९२६ साली याच रायपुरात देह ठेवला. या मासिकाच्या कामी त्यांना साथ देणारे वामनराव लाखे सहकारी चळवळीतले. त्यांच्या नावाचे नगर आज शहरात आहे. थोडे पुढे दूधाधारी मठ, त्याच्या राममंदिराला भोसल्यांचा आश्रय लाभलेला.

भोसल्यांचे नाव निघाले म्हणजे मराठी पाहुण्याची छाती फुगते. येथे थोडे सबुरीने घ्यावे. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तेथे राहून राज्य करीत होते, आणि त्यांच्याविषयी या प्रदेशात आजही आदराने बोलतात. परंतु त्यांच्या पश्चात १८१८ पर्यंत कारभार नागपुराहून नेमलेल्या सुभेदारांकडे गेला, आणि वसुली हेच त्याचे मुख्य काम होऊन बसले. १७९५ साली येथून गेलेल्या कॅप्टन ब्लंटच्या वृत्तांतात त्या अमलाची स्तुती नाही. ब्लंट परकीय होता, त्याला आपला स्वार्थ होता, हे खरे. तरी रयतेची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. राजधानी रतनपुराहून रायपुरास आणली तीही आपण नव्हे, १८१८ नंतर कर्नल ॲग्न्यू याने. पाहुण्यास मराठ्यांचे रायपूर दाखवावयाचे तर हेही सांगावे लागेल. आणि ते सांगण्याची तयारी नसेल तर प्रतिकृतीच बऱ्या.

एखाद्या परिषदेला पुरा दिवस मोकळा असला तर पाहुण्यांना सिरपूरला नेतात. महानदीकाठचे ते विटांचे लक्ष्मणमंदिर राणी वासटेने पतीच्या स्मरणार्थ बांधविले. पाहुणे छायाचित्रे काढतात, आनंदप्रभू कुटी विहारासमोर उभे राहतात; परंतु तो विहार मातीखालून वर आला तो १९५३ ते ५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केलेल्या उत्खननातून, हे त्यांना सांगावयास कोणी नसते. त्याच १९५३ च्या मार्चमध्ये रायपूरच्या संग्रहालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केले. सिरपूरची कांस्यमूर्ती त्या इमारतीत आहे आणि ती पाहण्यास अर्धा तास पुरतो. गाडी त्या दारावरून जाते, थांबत नाही.

आयोजकांचीही अडचण आहे. जुन्या वस्तीत मोठी गाडी वळत नाही. मठात पाहुण्यांना पादत्राणे काढावी लागतात. आणि तलावाकाठी ओळीने खुर्च्या मांडता येत नाहीत. मुक्तांगणात सारे सोयीचे. पण सकाळी नऊला सभा सुरू होणार असेल तर साडेसहाला कोणा एकदोघांना घेऊन निघता येते, असा आमचा अनुभव आहे. यादीत नाव नसलेली ही फेरी रिक्षातून होते. आधी बुढा तलाव, मग मठ, परततांना तात्यापाऱ्यात पोहे.

एका सकाळी असा एक पाहुणा बरोबर होता, दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा. रस्त्याकडेला बाया पानांच्या जुड्या विकीत बसल्या होत्या. 'ही कशाला?' त्याने विचारले. उद्या इथे सगळे एकमेकांना सोनपत्ती देतात, ही चाल बिंबाजींनी आणली असे सांगतात, असे आम्ही म्हणालो. त्याने एक जुडी घेतली. विकणारीने त्याला पैसे परत देता देता विचारले, 'तुमच्या मुलखातही देतात का हो?'