गुरुद्वाऱ्यापलीकडचे नांदेड आणि गोलाईभोवतीचे लातूर : लोकवापर व स्थानिक वारसा

प्रस्तावना :
नांदेडला येणारा बहुसंख्य यात्रेकरू सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेऊन परततो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचे येथे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंग यांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात आजची वास्तू उभी राहिली. २००८ मध्ये गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा येथे संपन्न झाला. या स्थानाचे माहात्म्य निर्विवाद आहे. तथापि, नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लोकांच्या जिव्हाळ्याची स्थळे एवढ्यावरच संपत नाहीत. त्यांपैकी काही का टिकली व काही का खचली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नांदेड : नदी आणि किल्ला
नांदेडची प्राचीनता वाकाटककालीन आहे. विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशीम ताम्रपटात 'नांदीकड' असा उल्लेख येतो व अभ्यासक त्याचा संबंध नांदेडशी जोडतात. जुन्या शहरातील नंदगिरी किल्ल्याला गोदावरीने तीन बाजूंनी वेढले आहे. या किल्ल्याच्या आवारात शहराच्या पाणीपुरवठ्याची यंत्रणा उभारण्यात आली. म्हणजे संरक्षणासाठी बांधलेली वास्तू पुढे नागरी गरजेच्या कामी आली. बाहेरगावचा यात्रेकरू येथे क्वचितच येतो. नदीकाठच्या वस्तीला मात्र हा किल्ला परका नाही.

कंधार व माळेगाव
कंधार हे राष्ट्रकूटकालीन महत्त्वाचे नगर होय. येथील भुईकोट किल्ला, त्याभोवतीचा रुंद खंदक आणि जगत्तुंग सागर हा जलाशय ही पाणी व सत्ता यांच्या परस्परसंबंधांची साक्ष आहे. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात जगत्तुंग समुद्राचा उल्लेख आढळतो. हा लेख आपणांस उपलब्ध झाला तो श्रीनिवास रित्ती व गणपतराव शेळके यांच्या परिश्रमांमुळे. त्यांनी संपादित केलेला नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह १९६८ मध्ये नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने प्रसिद्ध केला. एका महाविद्यालयाने आपल्या परिसराच्या इतिहासासाठी काय करावे, याचा हा वस्तुपाठच होय. कंधारमध्येच हाजी सय्याह यांचा दर्गा असून विविध समाजांचे भाविक तेथे येतात.

जवळच लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या खरेदी-विक्रीबरोबर लाल कंधारी गोवंशाचे देखणे नमुने येथे पाहावयास मिळतात. भटक्या जमातींच्या भेटीगाठी, कुस्त्यांचे फड व तमाशाच्या राहुट्या यांमुळे ही यात्रा या परिसराच्या समाजेतिहासाचे जिवंत साधन ठरते.

लातूर : बाजार, लेणी आणि पाणी
राष्ट्रकूट सम्राट 'लट्टलूरपुरवराधीश्वर' ही बिरुदावली मिरवीत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे मानले जाते. आजच्या लातूरचे हृदय मात्र गंजगोलाई हेच आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये ही दुमजली वर्तुळाकार वास्तू बांधली गेली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर असून सोळा रस्ते येथे येऊन मिळतात. औसा तालुक्यातील खरोसा लेणी आणि औसा व उदगीरचे भुईकोट याच जिल्ह्यात आहेत. ३ फेब्रुवारी १७६० च्या उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्याच उदगीरला विणलेल्या खादीपासून नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. हे कार्य पाहावयास पर्यटक सहसा जात नाहीत.

एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्यांनी लट्टलूरचे नाव बिरुदात मिरविले, त्याच राष्ट्रकूटांच्या काळात कंधारला जलाशय बांधला गेला होता. ही विसंगती केवळ भावनिक नाही. वारसा म्हणजे शिल्पे व तटबंदी एवढाच अर्थ आपण घेतला, तळी, बारवा व खंदक दुर्लक्षित ठेवले, हा तिचा अर्थ आहे.

लोकवापराच्या मर्यादा
देगलूर तालुक्यातील होट्टल येथे कल्याणी चालुक्यांच्या काळातील मंदिरे व शिलालेख आहेत. नगराचे वैभव ओसरल्यावर तेथील अनेक मंदिरे ढासळली. पुढे शासनाच्या पुरातत्त्व विभागाने काहींची पुनर्बांधणी केली. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडल्यावर गिरणगावची स्मृतीही क्षीण झाली. वापर थांबला की वास्तू अनाथ होते, हे यावरून स्पष्ट होते. परंतु वापर हा सदैव रक्षकच असतो असेही नाही. प्राचीन मूर्तींना तैलरंग फासणे, कोरीव खांबांवर चुना चढविणे, गाभाऱ्यात नवी फरशी बसविणे हे भक्तीनेच घडते आणि त्यात शिल्पांचे तपशील नष्ट होतात.

निष्कर्ष :
सारांश, या दोन जिल्ह्यांतील अनेक स्थळे लोकांच्या नित्य संबंधामुळे टिकली; मात्र त्या संबंधास ऐतिहासिक जाणिवेची जोड मिळणे आवश्यक आहे. पर्यटनाच्या फलकांनी ती जाणीव निर्माण होत नाही. १९६८ च्या शिलालेखसंग्रहाने दाखविलेला मार्ग आजही खुला आहे. इतिहास विभागांनी आपल्या तालुक्यातील बारवा, दर्गे, बाजारपेठा, यात्रा व बंद गिरण्या यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. ज्येष्ठांच्या आठवणी वेळीच लिहून घ्याव्यात. ढासळलेले मंदिर पुन्हा उभारता येते. जाणत्या माणसाबरोबर गेलेली आठवण परत मिळत नाही.